दुखणं सांगणारे दादाजी

आमचे घरमालक सरकारी दवाखान्यात धडधडीत खोटं बोलत. तेही स्वतःसाठी नाही, दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल. एखाद्या म्हातारीचा गुडघा आठवडाभर दुखत असला तर ते डॉक्टरांना पोळ्यापासून दुखतोय म्हणून सांगत. ताप तर त्यांच्या तोंडी कधी साधा नसेच. "काल तं बाप्पा, अंगावर पीठ थापलं असतं तं भाकर भाजून निघाली असती," असं म्हणून ते मोकळे होत. ज्याचं दुखणं, तो माणूस शेजारी स्टुलावर मुकाट बसलेला असे. दादाजी बोलतील त्याला मान हलवायची, एवढंच त्याच्याकडे काम.

सगळं नांदुरा गाव त्यांना दादाजीच म्हणे. सत्तरीचे असतील. अंगानं काटक, धोतर नेहमी पायात येईल इतकं लांब, आणि बोलायच्या आधी काठी दोनदा जमिनीवर आपटायची सवय. धामणगाव बढ्याकडे त्यांची शेती होती, ती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलेली. मुलगा नागपूरला सरकारी कचेरीत. स्टेशनापासून जरा आत त्यांचं घर होतं आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी राहत असे. नवीन राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी साताऱ्याकडची, बिनलग्नाची, मुलींच्या शाळेवर शिक्षिका म्हणून आलेली. गाडीत बसले तेव्हा मला वाटलं होतं की मराठी मुलखातून मराठी मुलखात तर जायचं आहे. पहिल्याच दिवशी भाषेनं आणि पाण्यानं, दोघांनीही मला जागेवर आणलं.

पाणी खारं होतं. मी विहिरीचं पाणी घेऊन डाळ शिजत लावली आणि दुपार टळली तरी ती दगड ती दगडच. दादाजी दारात येऊन उभे राहिले, काठी दोनदा आपटली आणि म्हणाले, "बाई, या पाण्यात डाय नाही शिजत. माणूस शिजते. गोडं पाणी आणून देतो, थांबा." आणि खरंच खांद्यावर घागर घेऊन आले. मी हसले नाही, कारण भूक लागली होती. पण त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यांची आणखी एक सवय होती. बाहेरून आले की ओसरीत चप्पल काढताना ते मोठ्यानं म्हणत, "आलो हो!" मला वाटे, मला सांगताहेत. भला माणूस, घरात एकटी बाई आहे, खाकरून आत यावं म्हणून आवाज देत असतील. मी माझ्या खोलीतून "बरं!" म्हणत असे. पुढे समोरच्या वच्छीआजीच्या सुनेनं मला सांगितलं, की ते त्यांच्या बायकोला सांगायचे. ती मी येण्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की दुसऱ्या दिवशी मी गप्प राहिले. दादाजी ओसरीतच थांबले. आत येईनात. शेवटी मी "बरं!" म्हटलं, तेव्हा कुठे चपला काढल्याचा आवाज आला. मग मी रोज म्हणत राहिले.

आता त्यांनी हा दवाखान्याचा उद्योग का मांडला होता ते सांगते. आमच्याकडेही थोडंफार असंच होतं, पण तिथे तर तो रिवाजच होता. म्हाताऱ्या माणसानं डॉक्टरसमोर आपल्या तोंडानं आपलं दुखणं सांगायचं नाही. सांगितलं तर त्याचा अर्थ निघे की घरात सून नीट बघत नाही, मुलगा विचारत नाही. घराची अब्रू जाई. म्हणून डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय आजी?" की आजी म्हणणार, "काही नाही बाप्पा, बरं हाये." दुखणं सांगायचं सोबत आलेल्या माणसानं. पण मुलगा शेतात, नाहीतर बाजारात. सून सांगू लागली तर सासूला वाटे, ही आपल्याला लवकर घालवायला निघाली आहे. मग सांगणार कोण? म्हातारी माणसं दवाखान्याच्या पायरीपर्यंत जात, कसली तरी गोळी घेत आणि दुखणं होतं तसं परत घेऊन येत.

ही जागा दादाजींनी घेतली. त्यांचं म्हणणं असे, "आपल्या पाठीवरचा तीय आपल्याले दिसत नाही, बाई. दुसऱ्यानंच सांगा लागते." आदल्या संध्याकाळी ते त्या म्हाताऱ्याला किंवा म्हातारीला आपल्या ओसरीवर बोलावून बसवत आणि उलटतपासणी घेत.

"कुठं दुखते?"

"इथं."

"ठसठस का चमक?"

"चमक."

"वाकल्यावर का बसल्यावर?"

"दोन्हीनं."

"जेवण जाते का?"

"जाते."

"जाते म्हणू नका बे! जेवण जाते म्हटलं का डाक्टर दुखणं हलक्यात घेते. मी सांगतो काय सांगायचं ते. तुम्ही उद्या तोंड उघडायचं नाही. रोग्यानं गप बसायचं, हा माहा नियम हाये."

नियम मोठा कडक होता. एकदा एका आजोबांनी न राहवून स्टुलावरून म्हटलं, "तसं काई लय नाही दुखत—" तर दादाजी डॉक्टरांसमोरच त्यांच्यावर कडाडले, "मी बोलून राह्यलो ना? का मी जाऊ?" आजोबांनी परत तोंड उघडलं नाही. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांना दादाजींच्या सांगण्यातून किती वजा करायचं ते ठाऊक झालं होतं. ते मला एकदा म्हणालेही, "हे गृहस्थ निम्मं खोटं सांगतात. पण हे नसते तर मला उरलेलं निम्मंही कळलं नसतं."

स्वतः दादाजी मात्र कधी तपासून घेत नसत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खोकला आला की म्हणत धूळ गेली. पाय सुजले की म्हणत धामणगावची गाडी हादरवते. मी टोचून बोलले की म्हणत, "माह्यासंगं कोण येईन? सोबतीशिवाय दवाखान्यात जात नसतात." आणि हसत. तेव्हा मीही हसत असे.

दिवाळीला मुलगा येऊन गेला आणि त्यानंतर दादाजी हळूहळू उतरत गेले. आधी दाढी वाढली. मग ओसरीवरची बैठक कमी झाली. मी भाजी दिली की वाटी स्वच्छ धुऊन परत येई, म्हणून मला वाटे जेवतात. एकदा मधल्या सुट्टीत घरी आले तर ते माझी वांग्याची भाजी गोठ्यातल्या गायीपुढे ठेवत होते. मला पाहून म्हणाले, "तिले आवडते." मी म्हटलं, "गाय वांगं खाते होय?" तर वाटी धुवायला निघून गेले. दादाजी उलट बोलले नाहीत, याचीच मला पहिल्यांदा भीती वाटली.

दवाखान्यात मात्र जात राहिले. एके दिवशी वच्छीआजीला घेऊन गेले. वच्छीआजी कानानं अधू, गुडघ्यानं त्याहून अधू, पण खाण्यात आणि झोपण्यात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुपारी ती घोरू लागली की समोरच्या घरात मला वह्या तपासता येत नसत. तर त्या दिवशी ती दवाखान्यातून आली, औषध घेतलं आणि झोपली ती उठेचना. दुसऱ्या दिवसाचं ऊन ओसरीत आलं तरी हालचाल नाही. सुनेनं हंबरडा फोडला. शेजारच्या बाया जमल्या, कोणी तरी आजीच्या मुलाला बोलवायला कापसाच्या जिनिंगमध्ये धावलं. तेवढ्यात वच्छीआजी उठून बसली, सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "कोण मेलं व माय?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण सून हसत नव्हती. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, दादाजीनं डाक्टरले सांगितलं का हिले झोप लागत नाही. पहाटंच डोया उघडते म्हणे. अन्न गोड लागत नाही म्हणे, छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटते म्हणे, कोनाशी बोला वाटत नाही म्हणे. आता सांगा, माह्या सासूले यातलं एक तरी होते काय? म्हातारी ऐकू येत नाही म्हणून आपली मान हालवत बसली असंन."

माझं हसू तिथेच थांबलं. दादाजी वाढवून सांगत, पण नसलेलं दुखणं त्यांनी कधी कोणाच्या अंगाला लावलं नव्हतं. गुडघा असेल तर गुडघाच मोठा करत. हे दुखणं वच्छीआजीचं नव्हतं. पण कोणाचं तरी खरंखुरं होतं. नाहीतर ते इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात त्यांनी गाय बटईदाराकडे पाठवून दिली. पितळेची मोठी भांडी वच्छीआजीच्या सुनेला दिली. आणि एका सकाळी, मी शाळेला निघाले असताना, माझ्या हातात मागच्या दाराच्या किल्ल्या ठेवून म्हणाले, "बाई, उन्हाया लागायच्या आत दुसरी खोली पाहून ठेवा. मी नसलो तं पोरगं घर विकून टाकंन. मंग तुमची धावपय होईन."

"तुम्ही कुठे चाललात?"

"कुठं नाही."

"मग नसलो तर म्हणजे काय?"

त्यांनी काठी आपटली नाही. नुसती हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "कंटाया आला, बाई. आता पुरे."

मी शाळेत गेले, पण त्या दिवशी मुलींना काय शिकवलं मला आठवत नाही. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले की मागच्या अंगणातली विहीर दिसे. मला आई-वडील नव्हते. काकांकडे वाढले होते. या परक्या गावात "आलो हो" म्हणणारा एकच माणूस होता आणि तो आवराआवर करायला लागला होता. मला फार राग आला त्यांचा. आणि तो राग नव्हता हे मला कळत होतं.

समजावून ते ऐकणार नव्हते. मनाचं दुखणं घेऊन दवाखान्यात जाणं म्हणजे वेडा ठरणं, नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात जाणं, असंच तेव्हा सगळे धरून चालत. मग मी त्यांच्याच वाटेनं गेले. संध्याकाळी ओसरीवर जाऊन बसले आणि म्हटलं, "दादाजी, माझं डोकं फार दुखतं. मला उद्या दवाखान्यात घेऊन चला."

त्यांच्या डोळ्यांत जरा जीव आला. "ठसठस का चमक?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठसठस. पुष्कळ दिवसांनी त्यांनी पूर्ण उलटतपासणी घेतली. मला वाईटही वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. दवाखान्याचा व्हरांडा भरलेला. बाकावर वच्छीआजीही गुडघे धरून बसली होती, सून शेजारी. आमचा नंबर लागला तेव्हा दादाजींनी मला स्टूल दाखवलं. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांनाच बसवलं आणि उभी राहिले. त्यांना काही कळायच्या आत मी बोलायला लागले.

"डॉक्टर, यांना झोप लागत नाही. पहाटेच डोळे उघडतात. जेवत नाहीत, ताट गायीपुढे ठेवतात. आता तर गायही दिली. छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. कोणाशी बोलावंसं वाटत नाही. वच्छीआजीच्या नावावर तुम्हाला मागं सांगितलं ते सगळं यांचंच आहे. आणि हे मला म्हणतात, आता पुरे."

दादाजी ताडकन उठले. काठी आपटली. "बाई! मले येडं ठरवता काय लोकांसमोर? उठा, चाला घरी! मी सांगतो डाक्टरसाहेब, या बाईचं डोकं—"

तेवढ्यात बाकावरून वच्छीआजी ओरडली. तिला किती ऐकू आलं होतं देव जाणे, पण उघड्या दारातून काय चाललंय ते तिला दिसत होतं. "बसा खाली! माह्या वेयेले मले बोलू देता काय तुम्ही? रोग्यानं गप बसायचं!"

 व्हरांड्यात बसलेल्यांत असं एकही म्हातारं नव्हतं ज्याला दादाजींनी त्या स्टुलावर गप्प बसवलं नव्हतं. दादाजींनी सगळ्यांकडे पाहिलं. मग खाली बसले आणि त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. त्यांनी नाडी पाहिली, छाती पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या. मला विचारलं, "किती दिवस आहे हे?"

मी म्हटलं, "दिवाळीपासून."

"चुकलं," दादाजी म्हणाले. आपला नियम त्यांनी स्वतःच मोडला. खाली पाहतच म्हणाले, "दिवाईपासून नाही. यमुना गेली तवापासून."

मी त्यांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. त्या पिढीतला नवरा लग्नात एकदा बायकोचं नाव घेई आणि पुन्हा जन्मात घेत नसे. समोरच्या सुनेलाही ते नाव माहीत नव्हतं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

"तिच्या पोटात दुखे," ते म्हणाले. "तोंडानं कधी बोलली नाही. बरं हाये म्हणे. मी म्हणो, बरं असंन. नवऱ्यानं बायकोचं दुखणं चारचौघात सांगायचं म्हणजे... आमच्यात नाही सांगत, डाक्टरसाहेब. तिचं कोणीच सांगितलं नाही. मंग मी साऱ्या गावाचं सांगत सुटलो. आता गावाचं सरलं, अन् तिचं तसंच राह्यलं."

 डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि सरळ विचारलं, "दादाजी, जीव द्यावासा वाटतो का?"

"वाटते."

"आजही?"

"आज बाईचं डोकं दुखत होतं. आज नाही वाटलं."

डॉक्टर म्हणाले, हाही आजारच आहे. तापासारखा. याला वेड म्हणत नाहीत. औषध मी देतो, पण औषधाच्या बाटलीनं एकटीनं हे जायचं नाही. दर बाजाराला इथे यायचं, या स्टुलावर बसायचं, आणि सोबत माणूस हवं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, औषध तुमच्या हातानं द्या. आणि काही दिवस यांना एकटं ठेवू नका."

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. बाजारातून आम्ही दोघं चाललो होतो. बाटली माझ्या पिशवीत, आणि दोघंही एकमेकांकडे न पाहता. मला वाटत होतं की हे आता माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. बोलले नाहीत तरी चालेल, पण घरी चालताहेत ना, असं मनाशी म्हणत मी त्यांच्या पावलांकडे पाहत होते. भाजीवाल्यांच्या रांगेशी ते थांबले. मिरच्या, वांगी, मेथीच्या जुड्या पाहत उभे राहिले.

"बाई."

"काय?"

"भूक लागली."

भर बाजारात माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भाजीवाली विचारू लागली, काय झालं वं बाईले? दादाजी म्हणाले, "डोकं दुखते तिचं. मेथी दे." घरी येऊन मी मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली अर्धी हातात धरून बसले, आणि मग तीही खाल्ली.

एका दिवसात काही बरं झालं नाही. मधे वाईट दिवस आले, पुष्कळ आले. वच्छीआजीची सून दुपारी त्यांच्या ओसरीवर तांदूळ निवडायला बसू लागली, मी शाळेतून आले की ती उठे. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मुलगाही दोनदा येऊन राहून गेला. बाजाराच्या दिवशी मी सुट्टी मागून त्यांच्यासोबत जाई आणि उभी राहून त्यांचं दुखणं सांगे. मी जरा वाढवलं की ते स्टुलावरून म्हणत, "बाई, खोटं नका बोलू." उन्हाळा आला आणि गेला, मी खोली पाहिली नाही आणि त्यांनी परत विषय काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात गाय परत आली. ओसरीवर पुन्हा म्हातारी माणसं बसू लागली.

माझी बदली झाली तेव्हा ते स्टेशनावर आले. गाडी यायला अवकाश होता. मी म्हटलं, "आता बाजाराला तुमच्यासोबत कोण जाईल?" ते म्हणाले, "लय लोक हायेत. माही फिकीर नका करू." मग त्यांनी विचारलं, "तिकडं तुमच्यासोबत कोण येईन?"

मी म्हटलं, "मला काय झालंय? मी धडधाकट आहे."

"आता तं हायेच," ते म्हणाले. "पुढं म्हातारपण येईन ना, बाई."

गाडी आली. त्यांनी माझी ट्रंक हमालाला न देता स्वतः आत चढवली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. गाडी हलली तशी मी हात केला. त्यांनी केला नाही. बायकांना असा हात करायची तिथे रीत नव्हती.

ते त्यानंतर बरीच वर्षं जगले. न्यूमोनियानं गेले, खाटेवर, मुलाच्या हातचं पाणी पिऊन, हे मला पुढे तिकडून आलेल्या एका शिक्षिकेनं सांगितलं. म्हणजे देवाच्या मनात होतं तेव्हा गेले, आधी नाही. ते ऐकून मी रडले, पण रडताना मला समाधानही वाटत होतं.

मी पुढे लग्न केलं नाही. पुष्कळ गावं झाली, पुष्कळ घरं झाली. कोणत्याही घरात संध्याकाळी चपलांचा आवाज आला की मी कान देऊन बसत असे. आता माझंच वय झालं आहे. पहाटे डोळे उघडतात आणि मग काही केल्या मिटत नाहीत. सकाळी चहा करते, तो तसाच निवतो. हे सगळं डॉक्टरांना नीट सांगायचं असं ठरवून मी जाते. मोठं इस्पितळ आहे, गार हवेचं. माझा नंबर येतो, मी आत जाऊन बसते. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्या विचारतात, "आजी, सोबत कोणी आलंय का?" आणि मला दादाजींची अशी आठवण येते, की सांगायचं ते राहूनच जातं.